बाळाकडे लक्ष कुणाचं होतं?

मैत्रिणींनो, तीन मुलांच्या आईला कुणी विचारलं, ‘काल सकाळी काय केलंत?’ तर तिने सांगावं तरी काय! काल सात वाजता मी ओट्याशी पोळ्या करायला उभी राहिले. आठ वाजले तेव्हा डब्यात सहा पोळ्या होत्या. मधल्या एका तासात मी थोरलीच्या कंपासपेटीतलं कर्कटक धाकटीच्या मुठीतून सोडवलं, मधल्याने दुधाच्या कपात बुडवलेला स्वतःचाच मोजा पिळून वाळत घातला, पंप मारायच्या नादात स्टोव्हची पिन कुठे गेली म्हणून सासूबाई शोधत होत्या ती त्यांच्याच अंबाड्यात सापडवून दिली (आमच्याकडे वाळवणाच्या दिवसांत अजून स्टोव्ह माळ्यावरून खाली येतो), आणि कणकेचा एक गोळा पलंगाखाली मिळाला तो निराळाच. तो तिथे कुणी नेला, याची चौकशी अजून चालू आहे.

मी अमरावतीला राहते. घर सांभाळून दुपारी तीन तास एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. वर्गात पंचेचाळीस मुलं असतात. ती मी खडूने फळ्यावर टक् केलं की गप्प बसतात. घरची तीन मात्र मला कधीच आटोपली नाहीत. थोरली नऊ वर्षांची, मधला सहाचा आणि धाकटी अडीचची. तुमच्याकडेही याहून वेगळं नसेल. म्हणून आज जे सांगणार आहे, ते शिकवायला म्हणून नाही. घडलं तसं सांगते.

आधी हसण्यासारखं सांगते. मधला चार वर्षांचा असताना मी हरभरे निवडत बसले होते. तोही शेजारी बसून ‘मदत’ करत होता. थोड्या वेळाने म्हणाला, ‘‘आई, एक दाणा नाकात गेला.’’ गेला म्हणजे काय, त्याने घातला होता! सासूबाई म्हणाल्या, तपकीर हुंगव. मी डोक्यातली हेअरपिन काढली. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या म्हणून बरं, त्यांनी माझा हातच धरला. पिनेने दाणा आणखी आत गेला असता. शिवाय हरभरा नाकातल्या ओलाव्याने फुगतो, तेव्हा पाणी घालून तो सुटेल असं समजणंही चूक आणि ‘संध्याकाळी नेऊ’ म्हणून थांबणंही चूक. लगेच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चिमटा काढलाच नाही. मला म्हणाले, ‘‘बाई, त्याला पापा घ्यायचाय असं सांगा. मोकळी नाकपुडी बोटाने दाबा, त्याच्या तोंडावर आपलं तोंड घट्ट ठेवा आणि एकदाच जोराने फुंका.’’ मी फुंकले, आणि दाणा टप्पकन माझ्याच गालावर आला. पुढे कळलं की डॉक्टरमंडळी या युक्तीला ‘आईचा पापा’ असंच म्हणतात आणि अमेरिकेतल्या एका डॉक्टरने ती १९६५ साली लिहून ठेवली होती. पण पहिल्यांदा ती डॉक्टरांसमोरच करावी, बरं का. आणि चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊच नयेत. नाकातला दाणा निघतो, श्वासनळीत गेलेला दाणा जिवावर बेततो.

दुसरी गोष्ट थोरलीची. टेबलावरचा कपडा ओढला आणि चहा हातावर घेतला. मी घाईघाईने टूथपेस्टचा जाड थर दिला. दवाखान्यात तो थर खरवडून काढताना ती जी रडली, ते भाजल्यापेक्षा जास्त होतं. टूथपेस्ट नको, हळद नको, शाई नको, बर्फही नको. साधं गार पाणी, वीस मिनिटं, सतत. ‘आमच्याकडे नळच नसतो त्या वेळी’ असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. मग बादलीतलं पाणी मगाने ओतत राहायचं, खाली घमेलं ठेवायचं. पाणी वाया जात नाही, झाडांना होतं.

अशा गोष्टी आपण पुढे लग्नकार्यात एकमेकींना रंगवून सांगतो आणि पोट धरून हसतो. गेल्या वर्षीची गोष्ट मात्र मी अजून कुणाला रंगवून सांगितलेली नाही.

माझं माहेर अकोल्याचं. अमरावती-अकोला अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. आता तर रस्ताही सुरेख झाला आहे. याच मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनेस बुकात नोंद झाली. दरवर्षी मे महिन्यात मी मुलांना घेऊन आठ-दहा दिवस जाते. माझी मोठी बहीणही येते. मग आई, बाबा, वहिनी, आम्ही दोघी बहिणी आणि सगळ्यांची मिळून सात मुलं! कूलर घरघरतोय, आंबे टोपलीत, सरगुंड्यांची खाट गच्चीवर. तुम्हाला चित्र डोळ्यांसमोर आलंच असेल.

अकोल्याला पाणी येतं काटेपूर्णेच्या धरणातून, आणि ते रोज येत नाही. अनेक वर्षं हे असंच आहे. चार-पाच दिवसांआड नळ, आणि टंचाईच्या उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. त्यामुळे ‘नळ आले!’ अशी हाक गल्लीत उठली की प्रत्येक घरात लढाईची तयारी सुरू होते. मोटर लावा, पाइप ओढा, ड्रम धुवा, टाकं घासा, पितळी गुंड, कळश्या, बादल्या, टब, भाजीची पातेलीसुद्धा! एक थेंब जाता कामा नये. जिने हा अनुभव घेतला नाही, तिला पाण्याच्या दिवसाची ती धांदल कळायची नाही.

त्या दिवशी नळ सकाळी दहाच्या सुमाराला आले. बहीण पाइप धरून होती, वहिनी भरलेल्या कळश्या आत नेत होती, आई मोटरपाशी उभी होती, मी न्हाणीत ड्रम घासत होते. बाबा ओसरीवर पेपर वाचत होते. धाकटी तेव्हा सोळा महिन्यांची. नुकतीच चालायला लागलेली, बदकासारखी.

ओसरीच्या पायरीखाली कपड्यांचा मोठा टब भरून ठेवला होता. म्हणजे भरलासुद्धा नव्हता, अर्धाच.

मधला, तेव्हा पाच वर्षांचा, आईजवळ जाऊन म्हणाला, ‘‘आजी, बाळ टबात वाकून पाहून राह्यलं.’’ आईला मोटरच्या आवाजात अर्धं ऐकू आलं. म्हणाली, ‘‘पाहू दे, बाप्पा.’’ मग तो वहिनीकडे गेला. तिच्या कमरेवर कळशी होती. ती म्हणाली, ‘‘जा बरं, तिकडं खेळ. पायात नको येऊ.’’ मग तो न्हाणीच्या दारात आला आणि मला म्हणाला, ‘‘आई, बाळ उठूनच नाही राह्यलं.’’

मी कशी बाहेर आले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की टबाबाहेर दोन पाय होते आणि पैंजण हलत नव्हते.

उचलली तेव्हा ओठ निळसर झाले होते. मान लुळी. कोणीतरी ओरडलं, ‘‘उलटी धरा, गरगर फिरवा!’’ शेजारून धावत आलेल्या बाईंनी पाय धरलेसुद्धा. बहिणीने मात्र तिला हिसकून घेतलं, कुशीवर वळवलं, तोंडात बोट घालून काय होतं ते काढलं. एक क्षण, दोन क्षण… आणि मग ती खोकली. पाणी बाहेर पडलं, पोळीचा तुकडा पडला, आणि ती रडली. मैत्रिणींनो, लेकराच्या रडण्याचा आवाज इतका गोड कधी वाटला नव्हता.

बाबा अनवाणीच रस्त्यावर धावले आणि ऑटोरिक्षा घेऊन आले. दवाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. मी म्हटलं, ‘‘आता तर हसून राहिली आहे.’’ ते म्हणाले, पाणी छातीत गेलेलं असेल तर काही तासांनंतरही श्वासाचा त्रास सुरू होऊ शकतो, म्हणून मूल हसत असलं तरी दाखवायचंच आणि सांगतील तितका वेळ थांबायचं. उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबणं यातलं काहीच करायचं नाही. त्यात वेळ जातो आणि पोटातलं अन्न श्वासनळीत जाण्याचा धोका असतो. श्वास चालू असेल तर कुशीवर. श्वास नसेल तर तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं तिथल्या तिथे सुरू करायचं, आणि दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन लावायचा. ही गाडी आपल्या राज्यात २०१४ पासून फुकट मिळते. श्वास द्यायचा आणि छाती दाबायची कशी, हे मी नंतर रीतसर शिकून घेतलं. तुमच्या गावी कुठे शिकवत असतील तर दोन तास काढाच.

मला सर्वात जास्त कशाचं आश्चर्य वाटलं असेल, तर आवाजाचं. आवाज झालाच नव्हता! आपल्याला वाटतं, मूल पाण्यात पडलं की धप्प होईल, हातपाय मारेल, ओरडेल. पण त्या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं, हातांत जोर नसतो. वाकलं की तोल जातो, तोंड पाण्यात, मग ओरडणार कसं? आणि पाण्याचा टब जड, तो काही कलंडत नाही. अमेरिकेत मोठ्या प्लास्टिकच्या बादल्यांवर वाकून पडणाऱ्या बाळाचं चित्र छापून सावध केलेलं असतं म्हणे. आपल्याकडे बादली म्हणजे घरातलंच माणूस, तिची भीती कोण बाळगणार? जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली बुडण्याच्या अपघातांवर पहिला मोठा अहवाल काढला. त्यात सर्वात जास्त धोका एक ते चार वर्षांच्या मुलांना असल्याचं म्हटलं आहे. आपण नदीला घाबरतो, विहिरीला घाबरतो. इतक्या लहान मुलाला वीतभर पाणीही पुरतं.

त्या रात्री दवाखान्यातल्या बाकावर बसून आम्ही हळूहळू बोललो. आईला वाटलं होतं, बाळ वहिनीजवळ आहे. वहिनीला वाटलं, मी तिला दूध पाजायला आत नेलं. बहिणीला वाटलं, बाबा ओसरीवरच आहेत. बाबांना वाटलं, चार बायका आजूबाजूला आहेत. आणि मला? खरं सांगू का, मला काहीच वाटलं नव्हतं. माहेरी आले की मी निर्धास्त होते. एवढी माणसं आहेत की घरात! अमरावतीला दुपारी मी एकटी असते तेव्हा या पोरीला मी मिनिटभर नजरेआड होऊ देत नाही. न्हाणीत गेले तरी दार उघडं ठेवते. पाच मोठी माणसं होती म्हणूनच तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. घरात एकटी बाई असली तर लक्ष तिचं, हे ठरलेलं असतं. पाचजणं असली की ते कुणाचंच ठरत नाही.

ह्यांना फोन केला. पहिला प्रश्न आला, ‘‘तू कुठं होतीस?’’ ते रागाने बोलले नव्हते, घाबरून बोलले होते. पण तो प्रश्न माझ्या मनात जो रुतला तो रुतलाच. न्हाणीत होते, ड्रम घासत होते, हे उत्तर खरं असूनही तोंडातून निघेना.

अमरावतीला परतल्यावर मला भीती होती ती सासूबाईंची. त्यांचं सगळं आयुष्य दर्यापूरकडच्या खेड्यात गेलेलं, जीभ तिखट. मी पोळ्या लाटत होते, त्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, ‘‘तो तुले विचारत होता का, कुठं होती म्हनून?’’ मी मान हलवली. ‘‘त्याले म्हना, तू दोन वर्साचा होता तवा ढोराच्या पान्याच्या हौदात पडला होता. एका वाटसरूनं काढलं तुले. म्या घरातच होती. जात्यावर. घरात सासू होती, दोन नंदा होत्या.’’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘‘चाळीस वर्सं झाली. कोनालेच नाही सांगतलं.’’

संध्याकाळी त्यांनी ते स्वतःच ह्यांना सांगितलं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. पुन्हा तो प्रश्न मात्र त्यांनी मला विचारला नाही.

पुढे वाचताना मला बांगलादेशातली एक गोष्ट सापडली. तिथे घराघरांच्या मागे तळी, आणि बुडणारी बहुतेक मुलं लहान. ती बुडतात कधी? सकाळच्या कामाच्या वेळात, आई स्वयंपाकात आणि धुण्यात असताना. म्हणून तिथल्या खेड्यांत सकाळी नऊ ते दुपारी एक अशी पाळणाघरं काढली. गावातलीच एक बाई त्या चार तासांत लहान मुलांना सांभाळते. दुसरं काही काम तिच्याकडे नसतं. त्यांनी या घरांना नाव दिलं आहे ‘आंचल’, म्हणजे आपला पदर. बुडणाऱ्या मुलांची संख्या त्याने खूपच खाली आली. आपल्याकडे अंगणवाड्या २ ऑक्टोबर १९७५ पासून आहेत, पण तिथे बसायला मूल तीन वर्षांचं व्हावं लागतं. त्याआधीची दोन वर्षं आपला पदरच!

मग आम्ही घरात एक साधी पद्धत काढली. माझ्या कमरेला कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा असतो. ज्याच्याजवळ जुडगा, त्याच्याजवळ बाळ. मला शाळेत जायचं असलं, अंघोळीला जायचं असलं, की जुडगा हातात द्यायचा आणि तोंडाने म्हणायचं, ‘‘धाकटी तुमच्याकडे.’’ समोरच्याने ‘‘हो, घेतली’’ म्हटल्याशिवाय हलायचं नाही. मान हलवलेली चालत नाही. आणि ज्याच्याजवळ जुडगा आहे त्याने त्या वेळात दुसरं काम करायचं नाही, पेपर नाही, मोबाइल नाही, भाजी निवडणंसुद्धा नाही. पहिले आठ दिवस हे हसले, ‘काय ड्यूटी लावल्यासारखं!’ म्हणाले. आता स्वतःच जुडगा मागतात. थोरलीच्या हाती मात्र मी तो देत नाही. ती शहाणी आहे, पण नऊ वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर हे ओझं नको. उद्या काही झालं तर ती जन्मभर विसरणार नाही.

पाण्याच्या दिवशी तर आता नियमच आहे. नळ यायच्या आधी लहान मुलं आतल्या खोलीत, एक मोठं माणूस त्यांच्याजवळ, दाराला कडी. भरलेला टब जमिनीवर उघडा राहत नाही. ड्रमवर झाकण, झाकणावर पाटा. रिकामी बादली पालथी. अमरावतीला आमच्या भागात एक दिवसाआड पाणी येतं, तिथेही हेच.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर कूलरचंही सांगून टाकते. वऱ्हाडात कूलरशिवाय मे निघत नाही, आणि पत्र्याच्या टाकीत पाणी, वर वीज! पाणी भरण्याआधी बटण बंद करून पिन काढायचीच, नुसतं बटण पुरत नाही. अर्थिंग वायरमनकडून दरवर्षी तपासून घ्यावं, आणि मुलांना कूलरला हात लावायची सवय पहिल्यापासून लागू देऊ नये. फिनेल, रॉकेल थंड पेयाच्या बाटलीत ठेवू नये, आणि मुलाने प्यायलंच तर बोट घालून उलटी काढू नये, तसंच दवाखान्यात न्यावं, बाटलीसकट. खेळण्यातली आणि घड्याळातली चपटी, गोल बॅटरी गिळली असा नुसता संशय आला तरी ‘पोटातून निघून जाईल’ म्हणून थांबू नका. नाणं कधी निघून जातं, पण अडकलेली बॅटरी दोन तासांत अन्ननलिका भाजते.

एक राहिलंच. त्या घटनेनंतर महिनाभराने, रात्री गादीवर पडल्यापडल्या मधल्याने मला विचारलं, ‘‘आई, मी आधीच सांगितलं होतं ना?’’

मी म्हटलं, हो राजा, तू तीनदा सांगितलंस. आम्ही ऐकलं नाही. चुकलं आमचं. मग तो कूस बदलून झोपला. मी मात्र बराच वेळ जागी होते. महिनाभर तो हे मनात घेऊन फिरत होता, आणि आम्ही सगळे धाकटीलाच कुरवाळत होतो.

तेव्हापासून त्याची बातमीपत्रं सुरू झाली आहेत. दिवसाला निदान तीस. ‘‘आई, धाकटी खुर्चीवर चढून राह्यली.’’ ‘‘आई, धाकटी मुंगीशी बोलून राह्यली.’’ आणि दरवेळी मी हातातलं टाकून उठते. हे म्हणतात, अशाने तुझा लेख कधी पुरा व्हायचा? आज एवढं लिहीपर्यंत चारदा उठले. पहिल्यांदा धाकटी आरशाला भाकर भरवत होती, दुसऱ्यांदा दप्तरात बसली होती, तिसऱ्यांदा नुसतीच झोपली होती. चौथ्यांदा मात्र तोंडात साबण होता.